सांभाळणाऱ्यांसाठी सीएसआर निधी

प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेल्यांची घरी देखभाल करणाऱ्या नातेवाइकांसाठी आमचा ट्रस्ट काम करतो. कंपन्यांचा सीएसआर निधी (सामाजिक कामासाठी बाजूला काढलेला पैसा) मिळेल का?

उत्तर : मिळू शकतो. आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा क्रमांक हवा. फॉर्मवर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी एकाची डिजिटल सही लागते. पॅनवरचं आणि नोंदणीपत्रावरचं नाव आधी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.

प्रस्ताव कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या (सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांच्या यादीतल्या) आरोग्य किंवा ज्येष्ठांसाठीच्या सुविधांमध्ये बसवा. नुसतं ‘जनजागृती’ लिहिलंत तर फाइल तळाशी जाते. खरा खर्च नातेवाइकाला विसावा मिळावा म्हणून येणाऱ्या बदली मदतनिसाचा : २० कुटुंबं, आठवड्याला ४ तास, म्हणजे चार आठवड्यांचे ३२० तास, गुणिले तुमच्याकडचा तासाचा दर. समुपदेशकाचं मानधन मात्र प्रशासकीय खर्चात दाखवू नका. कात्री पहिल्यांदा तिथेच लागते.