वाचक विचारतात: नुसती चेन की पूर्ण चेनसेट?

प्रश्न: माझी 150 सीसीची मोटरसायकल 22 हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या दोन महिन्यांत चेन तीनदा ताणून घेतली, तरी पुन्हा सैल होते आणि गाडी उचलताना खालून कटकट आवाज येतो. नेहमीचे मेकॅनिक म्हणतात, पूर्ण चेनसेट टाका, म्हणजे चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चक्रं (स्प्रॉकेट) सगळंच. दुसरे म्हणाले, मागचे दाते बरे आहेत, नुसती चेन बदला. तिसऱ्यांचं म्हणणं, कडी काढून चेन आखूड केली की अजून पाच-सहा हजार किलोमीटर सहज निघतील. कोणाचं ऐकू? आणि चेनसेट नेमका किती किलोमीटरला बदलायचा असतो?

उत्तर: तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकचं ऐका. कडी काढायचा विचार तर मनातूनच काढून टाका.

आपण ‘चेन ताणली गेली’ म्हणतो खरं, पण तिच्या पट्ट्या काही लांबत नाहीत. झिजतात त्या सांध्यांतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश. 118 कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज झाली, तरी एकूण लांबी जवळजवळ 12 मिलिमीटर वाढते. कडी काढली की लांबी कमी होईल, पण उरलेल्या प्रत्येक सांध्यातलं वाढलेलं अंतर तसंच राहील आणि ते दात्यांशी जुळणार नाही. अशी चेन दात्यावर चढते, झटके देते आणि एखाद्या दिवशी उडते. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी अडकली तर मागचं चाक जाम होऊ शकतं, नाहीतर इंजिनचं कव्हर फुटतं. मागे घरचं माणूस बसलेलं असताना हे व्हायला नको, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

किलोमीटरचा एकच आकडा मी देणार नाही. पावसात, धुळीत, ओझं घेऊन चालणारी गाडी आणि कोरड्या रस्त्यावर सावकाश चालणारी गाडी यांच्या चेनच्या आयुष्यात दुपटीचाही फरक पडतो. त्यापेक्षा स्वतः मोजा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. पहिला गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे रेटून धरलं की चेनची खालची बाजू ताठ होते. आता एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत पट्टी लावा. चेनच्या पट्टीवर 428 असं कोरलेलं असेल, तर हे अंतर नव्या चेनमध्ये 254 मिलिमीटर असतं. गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. नसेल तर साधारण 256.5 झालं, म्हणजे एक टक्का वाढलं, की नवा सेट आणून ठेवा. 259 च्या आसपास पोहोचलं की त्या चेनवर गाडी चालवू नका. तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक फिरवताना एका जागी चेन घट्ट आणि दुसऱ्या जागी लोंबती लागत असेल, तर ती कितीही वेळा ताणली तरी बसणार नाही. तुमचं बहुधा हेच झालंय.

पट्टी हाताशी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढा. अर्धा दाता उघडा दिसला की चेन संपली.

आता ‘मागचे दाते बरे आहेत’ याबद्दल. ते बरे दिसणारच. पुढच्या स्प्रॉकेटला समजा 14 दाते आहेत आणि मागच्याला 42, तर पुढच्या प्रत्येक दात्याला तिप्पट वेळा मार खावा लागतो. म्हणून आधी पुढचं कव्हर उघडायला सांगा. दाते वाघनखासारखे एका अंगाला वळलेले किंवा टोकदार झालेले दिसले, तर ते नव्या चेनलाही लवकर खाऊन टाकतात. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायची ती याचसाठी.

सेट बदलताना मागचं चाक निघतंच, तेव्हा चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये, झटके शोषणारे कपलिंग रबरही बघून घ्या. ते दबून गेले असतील तर नव्या सेटवरही झटके येतच राहतील. चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या बाजूला आहे ना, हे स्वतः वाकून बघा. आणि ‘टाइट करून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. गाडी खड्ड्यात दबली की चेन आणखी ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटरचा झोल, म्हणजे चेन वर-खाली हलायची मोकळीक, लागतो. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत किंवा चेनजवळच्या स्टिकरवर सापडेल. नवी चेन सुरुवातीला थोडी सैलावते, तेव्हा पहिल्या 500 किलोमीटरनंतर एकदा तपासून घ्या.

प्रश्न: माझ्या गाडीला ओ-रिंगची चेन आहे. ती पेट्रोल आणि तारेच्या ब्रशने धुतली तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. त्या रबरी रिंगांच्या आत कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं. पेट्रोलने रबर खराब होतं, तारेने चिरतं, आणि आतलं ग्रीस गेलं की ते परत भरता येत नाही. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा, लगेच कोरडं पुसा आणि ओ-रिंगला चालणारं वंगण लावा. 90 नंबरचं गिअर ऑइलही चालतं. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने लावलं की चांगलं मुरतं. चाक मात्र हातानेच फिरवा. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फडकं धरणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत.