रेडिएटर बदलण्याआधी

कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना भरलेल्या ट्रकचे इंजिन तापते, एवढ्यावरून थेट नवा रेडिएटर घेऊ नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आधी रेडिएटरचे झाकण तपासा, कारण त्याची स्प्रिंग सैल झाली की यंत्रणेतला दाब टिकत नाही आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) लवकर उकळते. नव्या झाकणावरील दाबाचा आकडा गाडीच्या पुस्तिकेशीच जुळवावा. फक्त चढावरच तापत असेल, तर माझा पहिला संशय पंख्याच्या व्हिस्कस क्लचवर, म्हणजे इंजिन तापले की पंखा जोरात फिरवणाऱ्या जोडणीवर असतो. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून गळती दिसल्यास सील गेले असे समजून पंप बदलावा, आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप), पट्टा व होज पाइपही नवे घालावेत, म्हणजे मजुरी एकदाच पडते. थर्मोस्टॅट काढून गाडी चालवण्याचा सल्ला अनेक जण देतील. तो मुळीच मानू नका, कारण त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि झीज वाढते. नळाचे पाणी भरणे तर सर्वांत घातक, कारण वेट लायनरच्या इंजिनात, म्हणजे ज्यात सिलिंडरच्या नळीला (लायनरला) बाहेरून थेट कूलंट लागते त्यात, लायनरच्या कंपनामुळे कूलंटमध्ये तयार होणारे बुडबुडे फुटून त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला खड्डे पडतात, आणि ते रोखणारी रसायने साध्या पाण्यात नसतात. पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचेच कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावे.