हुबेहूब चित्र, तरी गुण कमी का?

"हिचा हात इतका चांगला, तरी शाळेतल्या बाई म्हणतात 'बी' श्रेणीसुद्धा कठीण. असं कसं?" इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला, आर्ट अँड डिझाइन घेतलेल्या मुलीच्या आईने मला विचारलेला हा प्रश्न. पुष्कळ पालक तो विचारतात आणि परीक्षकाच्या मर्जीवर संशय घेतात. मुलगी मात्र गप्प होती. आपल्याला चित्रकला येतच नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

तिचं स्केचबुक उघडलं. आजीच्या हातांची तीन पेन्सिल-चित्रं: नखांवरच्या रेघा, सैल झालेली बांगडी, नजर हटू नये असं काम. पण तिन्ही एकाच मोबाइल फोटोवरून. शेजारच्या पानावर केथे कोल्विट्झ या जर्मन चित्रकर्तीचं चरित्र, १८६७ ते १९४५. तिने हात कसे रेखाटले, यावर एक ओळही नाही.

तिची शाळा एक्यूए या परीक्षा मंडळाची. तिथे वैयक्तिक प्रकल्पाला ६० टक्के आणि मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला ४० टक्के भार असतो. दोन्ही ९६ गुणांचे. चार निकष, प्रत्येकी २४ गुण: संदर्भांच्या आधारे कल्पना वाढवणं, साधनं आजमावून सुधारणं, निरीक्षणं नोंदवणं आणि शेवटची कलाकृती. तपासतात शाळेतलेच शिक्षक. मग मंडळाचा मॉडरेटर नमुने पाहून पट्टी सगळीकडे सारखी आहे ना, हे ताडतो.

बाईंनी तिला तात्पुरते गुण दिले होते: १०, ९, १९ आणि १६. बेरीज ५४. रेखाटन कितीही घोटलं तरी तिसऱ्या निकषात फार तर ५ वाढणार. पहिल्या दोन निकषांत २९ गुण मोकळे पडले होते. हा हिशेब कागदावर मांडल्यावर ती पहिल्यांदा बोलली, "म्हणजे माझं ड्रॉइंग वाईट नाही?" नव्हतंच.

मग कामाची आखणी केली. कोल्विट्झच्या एका कोळशाच्या चित्रातला हाताचा भागच घ्यायचा, रेघेची दिशा आणि दाब पाहून नक्कल करायची, काय उमगलं ते दोन ओळींत लिहायचं. पुढे आजीला बसवून, एका बाजूने दिवा लावून, थेट कोळशाने काढायचं. त्यातलंच एक मोनोप्रिंटमध्ये, म्हणजे सपाट पाटीवर शाई लावून कागदावर एकच ठसा घ्यायचा. फसलेले ठसेही चिकटवायचे आणि का फसले ते लिहायचं: शाई जाड झाली, की बारीक रेघा बुजल्या? वही मागाहून सजवू नये, असं मी आग्रहाने सांगते. विचार कसा सरकला हे अशा वहीत दिसत नाही. प्रकल्पासोबत १,००० ते ३,००० शब्दांचं लेखन लागतं, त्यालाही याच नोंदी कामी येतात.

दुसऱ्या भागाचे, म्हणजे मंडळाने द्यायचे विषय १ फेब्रुवारीपासून हाती येतात. तयारीनंतर देखरेखीखाली १५ तास मिळतात. हे तास सुरू झाले की तयारीच्या कामात भर घालता येत नाही. तिला तैलरंग वापरायचे होते. थर वेळेत वाळत नाहीत, वरचा रंग खालच्यात मिसळून गढूळ होतो; म्हणून आधीच त्याच मापाचा एक नमुना घड्याळ लावून करून पाहायला सांगितलं. तो अपुरा राहिला आणि तिने ॲक्रिलिक निवडले. हा निर्णयही, कारणासकट, वहीत गेला.

"घरी आम्ही काय करायचं?" आईने विचारलं. फाटके, डागाळलेले कागद टाकू नका, तारीख घालून ठेवा. आणि चित्राला कुणीही हात लावू नका; काम आपलंच आहे, असं तिला सही करून द्यावं लागतं.