इंजेक्शन दिलंय, मग आता कॅथेटर कशाला?

तुम्ही विचारलंय की आजोबांना स्ट्रोक आल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू होतं न होतं तोच डॉक्टरांनी कॅथेटरसाठी, म्हणजे धमनीतून नळी घालून गुठळी ओढून काढण्यासाठी, सही मागितली. इंजेक्शनचा गुण येतो का ते तासभर बघितलं असतं तर काय बिघडलं असतं, आणि ७८व्या वर्षी एवढं करावं का, यावरून घरात अजून धुसफूस आहे.

बिघडलं असतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत तर सरळ म्हटलंय की इंजेक्शनचा परिणाम बघायला म्हणून कॅथेटर लांबवू नये, त्याने नुकसान होतं. हे मला पाठ आहे, कारण तुमच्या घरातला वाद आमच्याकडे होऊन गेलाय आणि पुरता मिटलेला नाही.

आमच्याकडे आई होती. खुर्चीत बसलेली, उजवा हात मांडीवरून घसरून लोंबतोय, आणि काहीही विचारलं की ‘हो, हो’. नाव काय? हो, हो. दुखतंय का? हो, हो. डोळे दोन्ही डावीकडे वळलेले. उजव्या बाजूला उभं राहून कितीही हाका मारा, नजर इकडे यायचीच नाही. हॉस्पिटलात सीटी झाला, रक्तस्राव नाही म्हटल्यावर टीपीए (तेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) सुरू झालं, आणि सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, दिसलं की डाव्या बाजूची मुख्य धमनी बुंध्यातच बंद आहे. डॉक्टर उभ्या उभ्या म्हणाले, ‘गुठळी मोठी आहे, इंजेक्शनने सुटेल याचा भरवसा नाही. कॅथलॅब तयार होतेय, सही करा.’

तेवढ्यात मामा मध्ये पडले. आयुष्य औषधांच्या धंद्यात गेलेलं, त्यामुळे घरात त्यांच्या शब्दाला वजन. ‘ते इंजेक्शन तासभर सलाइनमधून जाणार आहे, ते संपू तरी द्या! या वयात मेंदूत तारा घालायच्या?’ आणि फोनवर बातमी काढून दाखवली : कॅथेटरने काही फायदा नाही, तीन चाचण्यांचा निष्कर्ष.

मी सही केली. मामांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

ती बातमी खोटी नव्हती, शिळी होती. २०१३मध्ये खरंच उपचार रुग्णांवर पारखणाऱ्या तीन चाचण्या एकदम आल्या आणि तिन्हींत कॅथेटरचा फायदा दिसला नाही. पण त्यांतल्या बऱ्याच रुग्णांची मोठी रक्तवाहिनी बंद आहे की नाही हे आधी स्कॅनवर पाहिलेलंच नव्हतं, उपकरणं बरीचशी पहिल्या पिढीची होती आणि उपचार सुरू व्हायला वेळही फार गेला होता. मग २०१५मध्ये नेदरलँड्सची ‘एमआर क्लीन’ आली. ५०० रुग्ण, मोठी धमनी बंद असल्याची आधी खात्री केलेली, बहुतेकांना नवी जाळीची उपकरणं. स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण कॅथेटरवाल्या गटात ३३ टक्क्यांच्या आसपास, नुसत्या औषधवाल्या गटात १९. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी तेच सांगितलं. अर्धवट वाचून दवाखान्याच्या व्हरांड्यात वकिली करणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

‘मेंदूत तारा’ म्हणजे काय करतात तेही सांगते. जांघेतल्या (कधी मनगटातल्या) धमनीतून नळी मानेपर्यंत नेतात. तिच्या पोटातून आणखी बारीक नळी गुठळीच्या पलीकडे सरकवतात आणि तिथे तारेची जाळी उघडतात. जाळी काही मिनिटं तशीच ठेवायची, म्हणजे गुठळी तारांत रुतते. मग मागून सक्शन लावून सगळं एकदम बाहेर ओढायचं. काही डॉक्टर जाळी न वापरता नुसत्या सक्शनवरच काम भागवतात. जाळीला स्टेंट म्हणतात म्हणून हृदयासारखा स्टेंट बसवला असं लोक समजतात. तो बसवत नाहीत, गुठळीबरोबर बाहेर येतो. आईच्या वेळी पहिल्या खेपेत काही आलं नाही, नंतरच्या खेपेत आली. डॉक्टरांनी गॉजवर आणून दाखवली : ओल्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी, काळपट लाल, एक टोक किंचित पांढुरकं. मामांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘एवढीशीच?’

संध्याकाळी आईने उजवं कोपर गादीवरून उचललं. चालायला लागली, बोलायला लागली. पण बोटांत पूर्वीची सफाई नाही. गुंड्या डाव्या हाताने लावते, आणि मला हाक मारताना दहातल्या चार वेळा मावशीचं नाव घेते. यावर मामांचं ठरलेलं वाक्य : ‘एवढं करून हात अधू तो अधूच.’

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. या उपचाराचा हिशेब ‘बरा झाला की नाही’ असा करतच नाहीत. रँकिन नावाची मोजपट्टी आहे, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. आई दोनवर आहे : जुनी सगळी कामं जमत नाहीत, पण स्वतःचं सगळं स्वतः करते. चार म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेलं. त्या पाचही चाचण्यांचा एकत्र हिशेब २०१६मध्ये मांडला गेला. त्यात साधारण अडीच-तीन रुग्णांवर उपचार केले की एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी झालेलं दिसलं. वैद्यकशास्त्रात इतका ठसठशीत फायदा क्वचित दिसतो. आणि ज्याची मामांना धास्ती होती तो मेंदूतला गंभीर रक्तस्राव दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच, चार-साडेचार टक्के.

वयाचं म्हणाल तर ऐंशीच्या वरच्यांनाही त्याच हिशेबात फायदा दिसला. माझं मत विचाराल तर जन्मतारखेपेक्षा आधी माणूस कसा होता ते पाहावं. आजोबा स्वतः उठून फिरत होते ना? मग ७८ हे कारण होत नाही. आधीच अंथरुणावर असते तर मीही दहादा विचार केला असता.

आता जरा पाणी घालते. हे सगळं मोठ्या रक्तवाहिनीबद्दल चाललंय. मध्यम आणि लांबच्या बारीक धमन्यांतल्या गुठळ्यांसाठी २०२५मध्ये आलेल्या चाचण्यांत कॅथेटरचा फायदा दिसला नाही, त्यामुळे प्रत्येक स्ट्रोकमध्ये ‘आमच्या माणसाचीही काढा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. गुठळी निघूनही माणूस सुधारत नाही असंही होतं, कारण तोवर मेंदूचा तो भाग मेलेला असतो. धमनीला इजा होऊ शकते, गुठळीचा तुकडा पुढे जाऊन अडकू शकतो. मी डॉक्टर नाही. आणि इंजेक्शन गाळून थेट कॅथेटर घाला असंही मी म्हणत नाहीये. पात्र असेल त्याला दोन्ही देतात, एकासाठी दुसरं अडवून ठेवत नाहीत, एवढंच.

उशीर झाला म्हणूनही लगेच हात टेकू नका. २०१८च्या सुमारास आलेल्या ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज ३’ या चाचण्यांनंतर, स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत कॅथेटर घालतात. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली तेही पहिल्याच वाक्यात सांगा. त्या गोळीमुळे इंजेक्शन बहुतेकदा बाद होतं, कॅथेटर होत नाही. मामांना आता हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी तीच गोळी चालू आहे. म्हणजे उद्या त्यांच्यावर वेळ आलीच, तर ज्या इंजेक्शनची वाट बघा म्हणत होते ते त्यांना बहुधा मिळणारच नाही, आणि सही मलाच करावी लागेल.