कटर खाली ठेव

बाळा,

काल रात्री साडेअकराला टाकलेला तुझा फोटो मी सकाळी पाहिला आणि चहा तसाच ठेवून आधी तुला फोन लावला. तू उचलला नाहीस, कामावर पोचली असशील. म्हणून लिहून पाठवतोय. गाडीत नवा म्युझिक सेट बसवायला घेतलास, डॅशबोर्डची फ्रेम शेजारच्या सीटवर, जुना सेट वायरींना लोंबकळतोय आणि फोटोच्या कडेला तुझ्या हातातलं कटर. खाली एकच ओळ: "काका, रंग जुळत नाहीत. कुठली कापू?"

कुठलीच नाही. कटर खाली ठेव, मग पुढचं वाच.

व्हिडिओवाला सांगतो, पिवळीला पिवळी आणि लालला लाल जोडा. दुकानदार म्हणतो, कपलर (सेटच्या मागे बसणारं, वायरींचं प्लॅस्टिकचं तोंड) कापून जोडून देतो, वीस मिनिटांचं काम आहे. बाबा म्हणतात, नसते उद्योग कशाला. बाबांशी मी बोलतो. उरलेल्या दोघांनी तुला मुख्य गोष्टच सांगितलेली नाही. गाडीची वायर कापायची नाही. नव्या सेटची काप, बाजारातून आणलेल्या वायरिंगची काप, पण गाडीबरोबर कारखान्यातून जी वायर आली तिला पातं लावायचं नाही.

रंग जुळत नाहीत यात तुझं काही चुकलेलं नाही. सेटमागच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय, घड्याळ आणि मेमरी तिच्यावर राहते. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा सप्लाय. काळी अर्थिंगची. निळी अँटेनाची, निळी-पांढरी बाहेरचा ॲम्प्लिफायर चालू करायची, नारिंगी दिव्यांची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची, आणि त्या त्या जोडीत काळ्या रेघेची ती मायनस. हे सगळं सेट बनवणाऱ्यांचं. गाडी बनवणारा स्वतःच्या हिशोबाने रंग टाकतो आणि तुझ्या सेटवाल्याला विचारून टाकत नाही. गाडीच्या कपलरमधली काळी वायर अर्थिंगचीच असेल असं धरून चालू नकोस.

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात जा. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांग, कपलरचा फोटो दाखव आणि त्याला बसणारं तयार वायरिंग माग. काही शे रुपयांचं काम आहे. एका तोंडाला गाडीचं कपलर बसतं, दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या वायरींवर आपण आपला सेट जोडतो. कापाकापी करायची ती या विकतच्या तुकड्यावर. तिथेच फ्रेमही घे. सेटचं तोंड १८० मिलिमीटर रुंद असतं. उंची सिंगल डिनला ५० आणि डबल डिनला १००. डिन हे जर्मनीच्या मानक संस्थेचं नाव, तिनेच मूळ माप ठरवलं, डबल म्हणजे त्याच्या दुप्पट उंची. कोणाचाही सेट कोणाच्याही गाडीत बसावा आणि उद्या काढताही यावा, याची काळजी कोणीतरी आपल्या आधीच घेऊन ठेवली आहे. कपलरही त्यासाठीच असतं. ते कापलं की ती सोय संपली.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर तुझ्याकडे आहे, मीच दिला होता. सेट बाहेर, गाडीचं कपलर मोकळं, बॅटरी जोडलेली, किल्ली काढलेली. मीटर २० व्होल्ट डीसीवर लाव, काळी प्रोब (मीटरच्या तारेची टोकदार सळी) बॉडीच्या उघड्या बोल्टला धर आणि लाल प्रोब एकेका पिनेला टेकव. किल्ली नसताना जिथे साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसतील ती कायमची. किल्ली ॲक्सेसरीवर (इंजिन चालू न करता पहिल्या टप्प्यावर) नेल्यावरच जिथे आकडा उगवेल ती सेटच्या लालसाठी. पार्किंगचे दिवे लावल्यावर जी जागी होईल ती दिव्यांची. प्रत्येक पिन सापडली की कागदावर कपलरचं चित्र काढून लिही. डोक्यात ठेवू नकोस, कागदावरच लिही.

एका गोष्टीला मात्र मीटरही लावायचा नाही. पिवळ्या नळीतली किंवा पिवळ्या कपलरची वायर दिसली तर ती एअरबॅगची समज आणि हात मागे घे.

कागद पूर्ण झाला की बॅटरी काढ. १० नंबरचा पाना, आधी मायनस. प्लस आधी सोडायला गेलीस आणि पाना बॉनेटखाली कुठे लोखंडाला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. मायनस सुटलेली असेल तर टेकला तरी काही होत नाही. मग पुढचं सगळं काम घरात, जेवणाच्या टेबलावर, दिव्याखाली बसून कर. सेटची वायर आणि विकतच्या वायरिंगची वायर, प्लसला प्लस, मायनसला मायनस. डॅशबोर्डखाली मान वाकडी करून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून दिलेले जोड कसे निघतात ते मी आयुष्यभर पाहिलंय. टेबलावर प्रत्येक जोड नीट होतो. श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आक्रसून जोडावर घट्ट बसणारी नळी) आधी वायरीत ओव, मग जोड दे. ही चूक प्रत्येक जण करतो: जोड सुंदर होतो आणि स्लीव्ह टेबलावरच राहते. क्रिंपिंगची पक्कड असेल तर क्रिंप कर, म्हणजे जोड दाबून बसव, नसेल तर सोल्डर कर, पण सोल्डर केलेला जोड लोंबकळत ठेवू नकोस. कथील जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. एसटीच्या वर्कशॉपात अशा तुटलेल्या वायरी मी इतक्या पाहिल्या आहेत की आता बोटाने दाबून सांगतो.

नुसता काळा टेप गुंडाळू नकोस. हे का सांगतोय ते ऐक. घरात हे मी फारसं कधी बोललेलो नाही.

१९९४ साली माझ्या थोरल्या भावाने जुनी मारुती ८०० घेतली. आमच्या घरातली पहिली गाडी. कॅसेटचा सेट मीच आणला, मीच बसवला. आठ वर्षं आगारात इलेक्ट्रिशियन होतो, २४ व्होल्टच्या बस रोज उघडत होतो, ही १२ व्होल्टची छोटी गाडी म्हणजे काय असं मला वाटायचं. कपलर जुळेना म्हणून कापलं. तेही अगदी मुळाशी, वायरींना बोटभर लांबीसुद्धा ठेवली नाही. पीळ दिला, टेप मारला, सेट आत सरकवला. दादाने मला मिठी मारली होती.

पुढच्या एप्रिलात उन्हाने टेपचा गोंद विरघळला. दादा, वहिनी आणि पुतण्या रात्री पाचगणीहून पसरणीचा घाट उतरत होते. दिव्यांच्या वायरीवरचा टेप घसरला, उघडी तार डॅशबोर्डच्या लोखंडी पट्टीला लागली आणि फ्यूज गेला. त्याच फ्यूजवर मागचे लाल दिवे होते. दादाला फक्त डॅशबोर्डवरच्या मीटरचा उजेड गेलेला दिसला, त्याला वाटलं बल्ब उडाला असेल. पुढचे दिवे चालू होते, म्हणून तो तसाच उतरत राहिला.

हे मला दादाने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आगारातल्या एका ड्रायव्हरने सांगितलं. त्याची बस मागे होती. वळणावर गाडी एकदम समोर आली, कशीबशी ब्रेकने थांबवली, उतरून बघतो तर माझा भाऊ. "तुझ्या भावाच्या गाडीला मागे दिवेच नव्हते रे," एवढंच म्हणाला.

दादा मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त त्यानंतर गाडीचं काहीही निघालं की म्हणायचा, "राहू दे, तू दमतोस," आणि गाडी बाहेर न्यायचा. सोळा वर्षं. २०११ मध्ये तो गेला. त्या सोळा वर्षांत त्याच्या गाडीचं बॉनेट मी एकदाही उघडलं नाही. कपलर शाबूत असतं तर मी ते सगळं एका दुपारी पूर्ववत करून त्याला दाखवलं असतं. बोटभर वायरसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती मी.

म्हणून म्हणतो, गाडीची वायर कापायची नाही.

दुसरी चूकही सांगून टाकतो, कारण ती तूही करू शकशील. जुन्या काळच्या कितीतरी सेटमध्ये स्पीकरची मायनस बॉडीला दिलेली चालायची. एका सहकाऱ्याच्या नव्या सेटला मी त्याच सवयीने चारही मायनस एकत्र करून बॉडीला दिल्या. सेट चालू केला आणि आतला आयसी (आवाज वाढवणारी चिप) जळाला. पैसे मी दोन पगारांत फेडले. आताच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. आवाज नसतानाही दोन्हीवर बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज असतं. म्हणून मायनस बॉडीला नाही, एकमेकींना नाही, कशालाच लावायची नाही. प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरी स्वतंत्र, सेटपर्यंत.

कुठली जोडी कुठल्या स्पीकरची हे शोधायला दीड व्होल्टचा साधा सेल घे. सेट जोडलेला नसताना स्पीकरच्या दोन वायरींना सेलची दोन टोकं क्षणभर टेकव. दारातून खर्र असा आवाज येईल. जाळी काढून बघितलंस तर शंकू हललेला दिसेल: बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस, आत गेला तर उलट. चारही स्पीकर असे तपास. एक जरी उलटा जोडला गेला तर दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात, आणि मग लोक सेटला नावं ठेवत नवे स्पीकर विकत आणतात.

फ्रेम परत बसवताना गाडी अर्धा तास उन्हात ठेव. गार प्लॅस्टिकच्या क्लिपा फटकन तुटतात. वायरींचा गठ्ठा सेटच्या पाठीमागे चेपून बसवू नकोस. खाली मोकळी जागा असते, तिथे सोड आणि पट्टीने बांध.

तुला वाटेल, म्हातारा तीन तासांचं पुराण सांगतोय आणि दुकानात वीस मिनिटांत होतं. होतं. माझ्या घरीही हेच म्हणतात, की मी साध्या कामाचा डोंगर करतो. पण त्या वीस मिनिटांनंतर गाडी कोणाच्या हातात असते? तुझ्या. उद्या तू गाडी विकशील, घेणाऱ्याला मूळचा सेट हवा असेल, किंवा हा सेट दोन वर्षांत बंद पडेल आणि कपलरच्या जागी वीस तुटकी टोकं असतील. त्या माणसाला तू ओळखत नाहीस, पण त्याच्या गाडीलाही मागचे दिवे असणार आहेत. मी हट्टी आहे, हे मान्य. आगारात माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाही पोराने गाडीची मूळ वायर मला न दाखवता कापली नाही. त्यातले दोघे आज स्वतःचं गॅरेज चालवतात आणि अजून मला फोन करून विचारतात. माझं चुकत असतं तर त्यांनी एव्हाना विचारणं सोडलं असतं.

सगळं बसल्यावर एक शेवटची तपासणी राहते. बॅटरीची मायनस काढ आणि मायनसचं टोक व बॅटरीचा खांब यांच्या मधे मीटर लाव, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात. किल्ली बंद, दारं बंद, थोडा वेळ थांब. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर लाल आणि पिवळी कुठेतरी एकत्र झालीये, किंवा सेट झोपतच नाहीये. तुझ्या गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आहे. अर्ध्या अँपिअरने कागदावर ती सत्तर तास पुरते, पण स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. शुक्रवारी लग्नाला गेलीस तर सोमवारी गाडी ढकलावी लागेल. मीटर असा लावलेला असताना किल्ली मात्र फिरवू नकोस, मीटरचा फ्यूज जाईल.

आणि रेडिओच्या सेटिंगमध्ये प्रदेश कुठला आहे ते बघ. सेट अमेरिकेवर ठेवलेला असला तर एफएमवर विषम दशांशच लागतात, १००.९ नंतर थेट १०१.१, आणि बाबांची पुण्याची विविध भारती १०१ वर आहे. ती लागली की नसते उद्योग वगैरे ते विसरतील.

कपलरचा फोटो परत काढ. समोरून, उजेडात, सगळ्या पिना मोजता येतील असा. कागदावरचं चित्रही पाठव. रविवारी सकाळी मी घरीच आहे, सोल्डरिंग मशीन माझं घेऊन जा.

काका

ता. क. जुना सेट आणि त्याच्या मागचं कपलर फेकू नकोस. पिशवीत घालून वर नाव आणि तारीख लिहून माळ्यावर ठेव.