बीटा खेळला म्हणजे टेस्टर झाला का?

इचलकरंजीहून एका वडिलांचं पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगते. मुलगा बारावी सायन्सला. ऑगस्ट २०२५ मध्ये बॅटलफील्ड ६ या लढाईच्या गेमचा ओपन बीटा (म्हणजे रिलीजआधी सगळ्यांना फुकट खेळायला दिलेली चाचणी आवृत्ती) होता तेव्हा १४ ते १७ ऑगस्ट पोरगं खोलीतून बाहेर आलं नाही, दहीहंडी बघायलासुद्धा नाही, आणि वर म्हणतो मी खेळत नव्हतो, टेस्टिंग करत होतो. तेव्हापासून इंजिनिअरिंग नको, सीईटी नको, गेम टेस्टर व्हायचंय. गेम चालावा म्हणून त्याने पीसीच्या बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काहीतरी बदललं आणि ज्या पीसीवर जीएसटीच्या फाईली आहेत तो अर्धा दिवस चालूच झाला नाही. शेवटी एक वाक्य असं, "मागे कुठल्यातरी छोट्या मोबाईल गेमच्या टेस्टिंगला नाव दिलं होतं, त्यात एकाच जिन्यावर तासभर वर-खाली करत होता मॅडम, व्हिडिओ काढत होता, मला वाटलं डोकं फिरलंय याचं."

दादा, जिन्यावर येतेच मी, पण आधी त्या चार दिवसांचं बोलू.

तुमचा मुलगा अगदीच खोटं बोलत नाहीये, पण त्याचा गैरसमज झालाय. मोठ्या गेमचा ओपन बीटा येतो तेव्हा गेम जवळपास तयार असतो. हाच बघा ना, बीटा संपला १७ ऑगस्टला आणि गेम बाजारात आला १० ऑक्टोबरला, म्हणजे मध्ये आठ आठवडेसुद्धा नाहीत, एवढ्या वेळात कोणी नवा मॅप, म्हणजे लढायचं मैदान, बनवत नाही. मॅप फार लहान आहेत अशी ओरड त्या बीटात भरपूर झाली, पण मोठे मॅप होते ते आधीच बनलेले होते, ते रिलीजला आले. बीटानंतर बदललं काय, तर घसरत जाऊन उडी मारल्यावर मिळणारा जोर कमी केला, एका शॉटगनची ताकद उतरवली, असले स्क्रू पिळण्याचे बदल. आणि त्यासाठी पोरांनी लिहिलेलं सगळं कोणी बसून वाचतं असं नाही हं, कोणती बंदूक किती मारतेय, कोण कुठे मरतंय, कोणाचं कनेक्शन कधी तुटलं, हे सर्व्हर आपोआप मोजत असतो. म्हणजे खरं सांगायचं तर तिथे तुझीच टेस्ट चालू असते रे बाबा (हे मुलासाठी, तो हे वाचतोय असं धरून चालते).

सगळ्यात मोठी परीक्षा असते ती सर्व्हरची. त्या बीटाच्या पहिल्या वीकेंडला, म्हणजे तुमच्या मुलाच्या त्या चार दिवसांच्याही आधी, नुसत्या स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) एका वेळी ५ लाख २१ हजार लोक होते, एवढी माणसं पगारावर ठेवून कुठली कंपनी बसवणार? म्हणून लोकांना फुकट बोलवायचं. आणि ही जाहिरातही असते हे विसरू नका, त्या पहिल्या वीकेंडच्या दोन दिवस आधी, ७-८ ऑगस्टला, आत सोडलं ते कोड असलेल्यांना, आणि ते कोड दुसऱ्यांचं खेळणं ऑनलाइन लाइव्ह बघणाऱ्यांनाही मिळत होते. एवढं करूनही फजिती व्हायची ती होतेच, डायब्लो ३ या गेमचा ओपन बीटा एप्रिल २०१२ मध्ये झाला, तरी १५ मे ला रिलीजच्या दिवशी लोकांना लॉगिनच होईना, स्क्रीनवर यायचा तो एरर ३७ अजून जुन्या गेमर लोकांना आठवतो.

बायॉसचं म्हणाल तर त्या गेमला सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची एक सुरक्षा सेटिंग) चालू लागतं, चीटिंग रोखायला. जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेलं असेल तर ते नुसतं चालू करून भागत नाही, आधी डिस्कचा प्रकार बदलावा लागतो, ते न करता हात घातला की पीसी रुसतो. चूक मुलाचीच, बॅकअप न घेता वडिलांच्या फाईली असलेल्या मशीनला हात लावायचा नसतो. पण शेवटी पीसी चालू कोणी केला हे तुम्ही लिहिलं नाहीये. त्यानेच केला असेल तर तेही जमेला धरा की.

आता नोकरीचं. टेस्टरची नोकरी असते, खरीच असते, आणि त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही, युबीसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, हैदराबादला बॅटलफील्डवाली ईए आहे, बंगळुरूला रॉकस्टार. सुपरगेमिंग ही तर पुण्याचीच, त्यांचा इंडस हा गेम १६ ऑक्टोबर २०२४ ला आला तोही आधी क्लोज्ड बीटातून (निवडक लोकांपुरत्या चाचणीतून) गेलेला. पण काम काय असतं ते ऐक. आवडती गेम खेळायची असं नसतं, जी दिली ती, कदाचित लहान मुलांची बाहुल्या सजवायची गेम, आणि तीसुद्धा खेळायची नाही, मोडायची. कंट्रोलरची वायर उपट, इंटरनेट बंद कर, सेव्ह होताना फोन उचल, मेनूची भाषा बदलून अक्षरं बटणाबाहेर जातात का बघ. बग, म्हणजे चूक, सापडली की नीट लिही, डेव्हलपरने (गेम बनवणाऱ्याने) दुरुस्त केली की नव्या बिल्डवर, म्हणजे गेमच्या नव्या आवृत्तीवर, परत तपास, दुरुस्तीने दुसरं काही मोडलं का तेही बघ, मग पुढचं बिल्ड आलं की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीचा पगार फारसा नसतो, बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टपुरतं कॉन्ट्रॅक्ट असतं, गेम रिलीज झाली की घरी.

आणि म्हणूनच दादा, तुमच्या पत्रातली मला आवडलेली गोष्ट ती जिन्याची आहे. ते चार दिवस कोणीही बसेल, मजा असते त्यात. पण कोणाला माहीतही नसलेल्या गेममध्ये एका जिन्यावर तासभर वर-खाली करणं, का, तर पात्र कितव्या पायरीवर अडकतं ते पक्कं करायचंय, याला आमच्याकडे टेस्टिंगमध्ये रिप्रो काढणं (बग हमखास पुन्हा घडवून दाखवणं) म्हणतात आणि हे शिकवून येत नाही फारसं. तुम्हाला ते वेड वाटलं. मला ती त्याच्या अर्जातली पहिली ओळ वाटते.

तर मुला, त्या जिन्याचा रिपोर्ट मला पाठव. नुसतं 'गेम बकवास आहे, अडकते' असं नको. फोन कोणता, अँड्रॉइड कितवं, गेमचं व्हर्जन काय, काय केलं ते पायरी पायरीने, काय व्हायला हवं होतं, झालं काय, दहापैकी किती वेळा झालं, आणि व्हिडिओ वीस सेकंदांचा, तासाचा नाही. असे पाच रिपोर्ट वेगवेगळ्या गेमचे जमव. मिळतात कुठे? प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक अकाउंटवाल्या डेव्हलपरला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस दाखवावे लागतात, बिचारे माणसं शोधत फिरत असतात, त्यांच्याकडे जा. तिथे तुझा शब्द डेव्हलपर स्वतः वाचेल. स्टीमवर काही गेमना प्लेटेस्टचं, म्हणजे रिलीजआधी खेळून बघायचं, बटण असतं तिथेही नाव देता येतं. मात्र गुप्ततेच्या करारावर हो म्हटलं असेल तर त्यातला स्क्रीनशॉट मित्रालाही पाठवायचा नाही, मलाही नाही. आणि टेस्टर करतो म्हणून कोणी रजिस्ट्रेशन फी मागितली तर तिथल्या तिथे ब्लॉक.

सीईटी द्यायचीच. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं तर उत्तम, नाही तर बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सही चालेल, पण डिग्री हवी, कारण आयुष्यभर हाताने जिना चढत बसायचं नसेल तर तेच काम करणारी स्क्रिप्ट लिहिता आली पाहिजे, पायथनपासून सुरू कर. शेवटच्या वर्षाला आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा दे, ती नुसत्या गेमची नाही, कुठल्याही सॉफ्टवेअर टेस्टिंगला चालते, म्हणजे गेममध्ये नाही जमलं तर हिंजवडीत बँकेचं ॲप तपासायची नोकरी तरी मिळेल. त्यातही जिने असतातच.

दादा, तुम्ही एकच करा, जीएसटीच्या फाईलींची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. आजच. आणि ती काढायला त्यालाच सांगा.