मैदानाबाहेरून: शेवटच्या संघातला एक जण

प्रश्न: माझा नातू शिकागोला असतो, व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघावर त्याचा भारी जीव. दर जूनमध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी तो मोबाइलवरून मतं देतो. मी जन्मभर क्रिकेट पाहिलं. संघ निवड समितीने निवडायचा, एवढंच मला ठाऊक. लोकांच्या मतांवर संघ ठरवणं बरोबर आहे का? शिवाय प्रत्येक संघातून एक तरी घ्यावाच लागतो म्हणे. मग एखादा चांगला खेळाडू बाहेर राहतो, हा अन्याय नाही का?
— एक आजोबा, गिरगाव

उत्तर: आजोबा, मतांचं आधी सांगते. तिकडच्या बेसबॉलमध्ये अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग आहेत, आणि ऑल-स्टार म्हणजे दोन्हींच्या निवडक खेळाडूंमधला सामना. लोकांची मतं फक्त सुरुवातीच्या फळीपुरती असतात, तीही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सोडून. पिचर आणि राखीव खेळाडू ठरतात ते खेळाडूंच्या आपापसांतल्या मतांनी आणि कमिशनरच्या, म्हणजे बेसबॉलच्या मुख्य प्रशासकाच्या, कार्यालयाकडून. लोकांनी घोळ घातला नाही असं नाही. 1957 साली सिनसिनाटीच्या लोकांनी इतकी मतं टाकली की नॅशनल लीगच्या आठ जागांपैकी सात त्यांच्याच संघाला गेल्या. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी त्यांतल्या दोघांना काढून दुसऱ्या संघांच्या विली मेज आणि हँक आरन यांना घेतलं, आणि लोकांचा मताधिकारच गेला. तो परत मिळाला 1970 मध्ये. माझ्या मते परत दिला ते योग्यच केलं. तिकीट काढून येणाऱ्याला कुणाला बघायचंय, हे त्यालाच विचारायला हवं.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी सॉफ्टबॉलची कॅचर (तुमच्या यष्टिरक्षकासारखी), विक्रोळीच्या एका छोट्या मंडळाची. एका वर्षी जिल्ह्याच्या संघाची यादी फळ्यावर लागली, सोळापैकी बारा मुली एकाच मोठ्या क्लबच्या. आमची पिचर फळ्यासमोर उभी होती. तिने यादी वरून खाली वाचली, मग बोट ठेवून खालून वर वाचली. तिच्या बोटांना अजून मैदानाची लाल माती होती. पुढच्या हंगामात आमच्याकडे नवीन मुली जवळजवळ आल्याच नाहीत. एका मुलीची आई मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडून कुणाला घेत नाहीत, मग पोरीने उन्हात कशाला मरायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून हा 'प्रत्येकी एक' नियम मला मनापासून पटतो. तीस संघ, प्रत्येक लीगचे बत्तीस खेळाडू. एवढ्या जागांत पंधरा संघांतला एकेक सहज बसतो. तुमच्या नातवाचाच संघ घ्या. 2024 मध्ये व्हाइट सॉक्स 121 सामने हरले. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून शेन स्मिथ हा नवखा पिचर ऑल-स्टारला गेला. कॉलेजनंतरच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला कुणीच निवडलं नव्हतं, आणि आधीच्या संघाने मुख्य यादीत जागा न दिल्यामुळे तो व्हाइट सॉक्सच्या हाती लागला होता. त्याच्याहून सरस आकड्यांचे पिचर घरी राहिले असतील, मान्य. पण त्या उन्हाळ्यात शिकागोच्या दक्षिण भागातल्या पोरांना यादीत आपल्या संघाचं एक नाव सापडलं.

हा सामना जिंकण्यावर काही अवलंबून असतं, तर मी वेगळं बोलले असते. 2003 ते 2016 या काळात तसं होतं: जिंकणाऱ्या लीगच्या संघाला वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, घरच्या मैदानाचा फायदा मिळायचा. त्या वर्षांत या नियमावर जी टीका झाली, त्यात तथ्य होतं. मीसुद्धा राष्ट्रीय स्पर्धेसाठी मुली निवडताना मंडळ बघत नाही. चेंडू हातून सुटल्यावर कॅचर किती लवकर उठते, ते बघते. आता ऑल-स्टारच्या निकालावर तसं काही ठरत नाही.

सामना त्यांच्याकडे मंगळवारी रात्री असतो, म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास. शिकागोत तेव्हा संध्याकाळचे सात. दूधवाला यायच्या आधी चहा टाका आणि नातवाला व्हिडिओ कॉल लावा. व्हाइट सॉक्सवाला कितव्या डावात उतरतो, ते तोच तुम्हाला सांगेल.